गृहपाठाची शंका आली, तर उत्तर कसे द्यावे

रात्री साडेनऊच्या सुमारास वहीच्या पानाचा एक तिरका, अर्धा सावलीत गेलेला फोटो येतो आणि त्याखाली एवढेच लिहिलेले असते : “सर, हे सोडवून द्या ना, उद्या वही तपासणार आहेत.” फोटोतील उदाहरण दहावीच्या वर्गसमीकरणांच्या प्रकरणातले असते. शांत पाण्यात नावेचा वेग ताशी १२ किलोमीटर आहे. ती प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने ३६ किलोमीटर जाऊन पुन्हा त्याच जागी परत येते आणि या सगळ्या फेरीला ८ तास लागतात, तर प्रवाहाचा वेग किती? ज्याला हे येते त्याच्यासाठी हे दोन मिनिटांचे काम आहे आणि घोटाळा तिथेच होतो. सात ओळींची उकल लिहून पाठवली, तर ती सकाळपर्यंत जशीच्या तशी वहीत उतरते, तिच्यावर तपासणीची लाल खूण पडते आणि मुलाला त्यातले काही कळले की नाही, हे ना शाळेला समजते ना उत्तर देणाऱ्याला. याउलट “आधी स्वतः प्रयत्न कर” एवढेच लिहिले, तर मुलगा तोच फोटो दुसरीकडे टाकतो आणि त्याच सात ओळी तिथून आणतो.

इंटरनेटवर विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देण्याचा छंद मला काही वर्षांपासून आहे. सुरुवातीला मी सगळे सोडवून देणाऱ्यांपैकी होतो. नंतर कंटाळून हटकणाऱ्यांत गेलो. दोन्ही करून झाल्यावर माझ्या लक्षात आले की विद्यार्थ्याने लिहिलेला प्रश्न आणि तो जिथे अडला आहे ती जागा, या दोन गोष्टी क्वचितच एक असतात. प्रश्न पुस्तकाचा असतो, अडलेली जागा त्याची स्वतःची असते. उत्तर त्या जागेला द्यायचे, हे ठरवले की किती सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे आणि कुठे थांबायचे, हे पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

प्रश्नावरची पाटी

गृहपाठाच्या प्रश्नांचे काय करावे, यावर जुन्या संकेतस्थळांनी बराच काथ्याकूट केलेला आहे आणि तो नव्याने उत्तरे देऊ लागलेल्या माणसाच्या उपयोगी पडतो. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले, तेव्हा तिथे ‘होमवर्क’ असा एक टॅगच होता. प्रश्न गृहपाठाचा असेल, तर तो लावायचा, म्हणजे उत्तर देणारे बेताने सांगतील, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात त्या पाटीवरून प्रश्न कशाविषयी आहे हे काहीच कळत नसे, ती कोणी लावायची यावर वाद होत आणि पाटी दिसली की काही जण प्रश्न न वाचताच नाक मुरडत. २०१२ मध्ये ती पाटी मोडीत काढण्यात आली. प्रश्न गृहपाठाचा असो वा नोकरीतला, तो नीट विचारला आहे की नाही, एवढेच पाहायचे ठरले.

भौतिकशास्त्राच्या मंडळींनी वेगळा मार्ग धरला. स्टॅक ओव्हरफ्लोच्याच कुटुंबातल्या फिजिक्स स्टॅक एक्स्चेंजवर गृहपाठ आणि सरावाच्या उदाहरणांचा टॅग आजही आहे, मात्र तिथे संकल्पनेबद्दलची शंका चालते. “माझे उत्तर तपासून द्या” एवढ्यावर प्रश्न बंद केला जातो. फिजिक्स फोरम्स या त्याहून जुन्या ठिकाणी गृहपाठाच्या विभागात विद्यार्थ्याने तीन रकाने भरावेत अशी रीत पडली : दिलेले उदाहरण, लागू पडणारी सूत्रे आणि स्वतः केलेला प्रयत्न. मला विचाराल, तर या सर्वांत तिसरा रकाना हीच खरी शहाणपणाची गोष्ट आहे. गृहपाठ आहे का, या चौकशीतून काहीच हाती लागत नाही. विद्यार्थी पानावर कुठवर आला आहे, हे कळले की उत्तराची निम्मी तयारी होते.

पहिला प्रतिसाद

तेव्हा पहिल्या प्रतिसादाचा हेतू एकच असावा, तो म्हणजे विद्यार्थ्याची वही आपल्यासमोर उघडणे. “तू काय प्रयत्न केलास?” हा प्रश्न वरवर योग्य वाटतो, परंतु आपल्याकडे तो वर्गात बाकावर उभे करून विचारला जातो, त्यामुळे लेखी स्वरूपातही तो रागावल्यासारखाच ऐकू येतो आणि मुले “काहीच जमत नाही सर” असे लिहून मोकळी होतात. त्याऐवजी ज्याचे उत्तर एका ओळीत देता येईल असे विचारावे. नावेच्या उदाहरणात मी विचारतो, “क्ष कशाला मानलास?” किंवा “जाताना नावेचा प्रत्यक्ष वेग १२ पेक्षा कमी असेल की जास्त?” याचे उत्तर आले की मुलगा भाषेत अडला आहे, समीकरण मांडण्यात अडला आहे की आकडेमोडीत, हे लगेच कळते. क्ष मानलाच नसेल, तर आकडेमोड समजावण्यात काही अर्थ नाही. समीकरण बरोबर मांडलेले असेल, तर नाव आणि प्रवाह पुन्हा समजावणे म्हणजे त्याचा वेळ खाणे होय.

फोटोबाबत एक सूचना करावीशी वाटते. शक्य असेल तिथे विद्यार्थ्याला उदाहरण स्वतःच्या हाताने टाइप करायला सांगावे. हा जाच नाही. टाइप करताना शब्द न् शब्द वाचावा लागतो, आणि “विरुद्ध दिशेने” हे दोन शब्द आपण वाचलेच नव्हते, हे काहींच्या तिथेच ध्यानात येते. अशा वेळी “सर राहू द्या, कळलं” असा निरोप येतो आणि उत्तर न देताच काम होते.

संबोधनाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मराठीत तो टाळता येत नाही. समोरचा शाळकरी मुलगा किंवा मुलगी आहे हे उघड असेल, तर ‘तू’ हेच स्वाभाविक आणि आपुलकीचे आहे. समोरच्याचे वय ठाऊक नसेल, तर ‘तुम्ही’ म्हणावे, कारण मुलीचा गृहपाठ घेऊन बसलेली आई किंवा बहिःस्थ परीक्षा देणारे पन्नाशीचे गृहस्थसुद्धा अशाच शंका विचारतात आणि त्यांना ‘तू’ खटकते. “एवढेही येत नाही का?” हे वाक्य कोणालाच लिहू नये. ते लिहिण्याचा मोह अनुभवी माणसाला जास्त होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

नावेचे उदाहरण, जवळून

आता तो मुलगा काय लिहून पाठवतो ते पाहू. त्याचे म्हणणे असे : “एकूण अंतर ७२, वेळ ८, म्हणून वेग ९. शांत पाण्यातला १२, म्हणून प्रवाहाचा वेग ३.” हे उत्तर चूक आहे, मात्र ते आळसातून आलेले नाही, त्यात एक पद्धतशीर विचार आहे आणि तो विचार नेमका कुठे फसतो, ते त्याचे त्यालाच दिसले पाहिजे. इथे “चूक, समीकरण मांड” असे लिहिले, तर तो समीकरण मांडेलही, पण ९ आणि ३ त्याच्या डोक्यात बरोबर म्हणूनच राहतील. मी त्याला लिहितो, “तुझे ३ बरोबर आहे असे धरू. मग जायला किती वेळ लागेल आणि यायला किती, ते मोजून सांग.”

तो मोजतो. जाताना वेग १२ वजा ३ म्हणजे ९, म्हणून ३६ किलोमीटरना ४ तास लागतात. येताना वेग १२ अधिक ३ म्हणजे १५, म्हणून २.४ तास लागतात. बेरीज ६.४ तास होते, ८ होत नाही. हे त्याने स्वतः लिहिलेले असल्यामुळे त्यावर त्याला वाद घालता येत नाही. आता पुढचा प्रश्न विचारावा : “प्रवाह मुळीच नसता, तर किती वेळ लागला असता?” उत्तर ६ तास. म्हणजे प्रवाह नसताना ६, प्रवाह ३ असताना ६.४ आणि आपल्याला हवेत ८. प्रवाहाचा वेग ३ पेक्षा जास्त असला पाहिजे, एवढे त्याला समीकरणाशिवाय कळते, आणि शिवाय एक गोष्ट अशी कळते, जी पुस्तकात कुठे ठळक अक्षरांत दिलेली नसते : प्रवाह जाताना अडवतो आणि येताना मदत करतो, म्हणून हिशेब फिटतो असे होत नाही, कारण अडवलेल्या बाजूला नाव जास्त वेळ असते.

हे झाल्यावर समीकरण मांडायला त्याला फार मदत लागत नाही, कारण वर त्याने ३ घेऊन जी आकडेमोड केली तीच ३ च्या जागी क्ष ठेवून करायची आहे. ३६ भागिले (१२ वजा क्ष), अधिक ३६ भागिले (१२ अधिक क्ष), बरोबर ८. छेद समान केला की ८६४ भागिले (१४४ वजा क्षचा वर्ग) बरोबर ८ होते, तिथून क्षचा वर्ग ३६ आणि क्ष ६. जायला ६ तास, यायला २ तास, पडताळा बसला.

इथे थांबावे असे वाटते, पण एक छोटी जागा राहते आणि ती मला सोडवत नाही. क्षचा वर्ग ३६ असेल, तर क्ष उणे ६ सुद्धा असू शकतो. बहुतेक वह्यांमध्ये “परंतु वेग ऋण नसतो” असे लिहून पुढे जातात. मुलाला विचारून पाहावे, की उणे ६ मूळ समीकरणात ठेवले तर काय होते. समीकरण तेव्हाही खरेच ठरते, कारण दोन अपूर्णांकांची फक्त अदलाबदल होते. उणे ६ चा अर्थ एवढाच, की प्रवाह आपण मानलेल्या दिशेच्या उलट आहे. नाव आधी प्रवाहाबरोबर गेली आणि परत येताना विरुद्ध आली, तरी फेरीला ८ तासच लागतील. प्रश्नात “विरुद्ध दिशेने” जाते असे म्हटले आहे, म्हणून ती किंमत आपण सोडतो. परीक्षेत यासाठी जादा गुण मिळत नाहीत. तरीही ज्या मुलाने वर चार ओळी स्वतः मोजल्या आहेत, त्याला हे सांगितले की तो थांबून वाचतो, आणि अशी मुले दुसऱ्या दिवशी गृहपाठ नसतानाही काहीतरी विचारायला येतात.

किती सांगावे

फक्त इशारे द्यावेत, पूर्ण उत्तर कधीच देऊ नये, असा एक कर्मठ पंथ आहे. मला तो पूर्णपणे पटत नाही, आणि त्याला माझ्या अनुभवाखेरीज आणखी एक कारण आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना तशाच प्रकारची नवी उदाहरणे कमी वेळात आणि कमी चुका करून सोडवता आली. नुसती उदाहरणे देऊन झगडायला लावलेले विद्यार्थी मागे पडले. विषय अगदी नवा असताना विद्यार्थ्याचे सगळे लक्ष उत्तरापर्यंत कसेबसे पोहोचण्यात खर्च होते आणि पद्धत मनात ठसायला जागाच उरत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. थोडी पकड आल्यावर मात्र हेच उलटते. ज्याला येते, त्याच्यापुढे पायरी न् पायरी मांडली, तर त्याचा विचार खुंटतो.

तेव्हा प्रकरणाची तोंडओळखसुद्धा नसलेल्या मुलाला इशारे देत बसणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून सूचना देण्यासारखे आहे. त्याला एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवावे, पण ते त्याच्या गृहपाठातले नसावे, शेजारचे असावे. नावेऐवजी घाट घ्यावा. एक सायकलस्वार सपाटीवर ताशी १० किलोमीटरने जातो. घाट चढताना त्याचा वेग जितका घटतो तितकाच उतरताना वाढतो. २४ किलोमीटरचा घाट चढून तोच घाट उतरायला त्याला एकूण ५ तास लागतात, तर वेगातला हा फरक किती? हे पायऱ्यापायऱ्यांनी सोडवून दाखवावे, प्रत्येक पायरीशेजारी ती का केली ते लिहावे, आणि उत्तर ताशी २ किलोमीटर आल्यावर चढायला ३ तास, उतरायला २ तास असा पडताळाही करून दाखवावा. मग नावेकडे वळायला सांगावे. चढ म्हणजे प्रवाहाविरुद्ध, उतार म्हणजे प्रवाहाबरोबर, एवढे नाते जुळवण्याचे काम त्याच्याकडे उरते. आकडे बदलून उतरवून घेण्यापेक्षा ते थोडे अवघड आहे आणि तेवढेच असावे. शेजारचे उदाहरण रचताना उत्तर पूर्णांकात येते ना, हे आधी स्वतः करून पाहावे. मी एकदा घाईत आकडे ठरवले आणि वर्गमुळाखाली भलतीच संख्या आली. मुलगी बिचारी अर्धा तास स्वतःचीच चूक शोधत राहिली.

गृहपाठाची वेळ उलटून गेल्यावर पूर्ण उकल द्यायलाही माझी हरकत नसते. दोन दिवसांनी येऊन नावेची उकल नीट लिहून ठेवली, तर विचारणाऱ्याला ती ताडून पाहता येते, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रकरणात अडकणारा कोणी ती वाचतो.

पुस्तकातली पद्धत, पुस्तकातले शब्द

उत्तर देणारे बहुधा अभियंते, प्राध्यापक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी असतात आणि त्यांना सर्वांत जवळचा रस्ता दिसतो. तो विद्यार्थ्याच्या वर्गात अजून आलेलाच नसतो. आठवीतल्या मुलाच्या भूमितीच्या प्रश्नाला त्रिकोणमितीने दिलेले उत्तर कितीही बरोबर असले, तरी त्याच्या दृष्टीने ती जादू असते आणि त्याच्या शिक्षकांच्या दृष्टीने उतरवल्याचा पुरावा. म्हणून इयत्ता, माध्यम आणि मंडळ कोणते, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे. राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण अवयव पाडून, पूर्ण वर्ग करून आणि सूत्राने अशा तिन्ही प्रकारांनी सोडवायला शिकवतात, आणि प्रश्नात “पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा” असे म्हटलेले असताना सूत्राने काढलेल्या उत्तराचा उपयोग होत नाही. त्याच पुस्तकात दोन चलांतील समीकरणांसाठी निश्चयकाची, म्हणजे क्रेमरची पद्धत आहे. मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना ती शाळेत होती हे आठवतही नाही आणि ते भलत्याच पद्धतीने सोडवून देतात.

शब्दांचा प्रश्न आपल्याकडे त्याहून नाजूक आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाला गेला, की विवेचकाचा डिस्क्रिमिनंट होतो, सहगुणकाचा कोइफिशंट होतो, त्वरणाचे ॲक्सलरेशन होते, आणि आपल्याला गणित येईनासे झाले असे त्याला वाटू लागते. अशा मुलाच्या शंकेत चूक शोधण्याआधी शब्द तपासावेत. मी उत्तरात पहिल्यांदा येणारा प्रत्येक शब्द “विवेचक, म्हणजेच तुझ्या आताच्या पुस्तकातला डिस्क्रिमिनंट” अशा जोडीने लिहितो. यात एक गंमतही आहे. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकात दिशा नसलेली ती ‘चाल’ आणि दिशा असलेला तो ‘वेग’ असा काटेकोर भेद केलेला आहे, तर गणिताच्या उदाहरणांत नावेला आणि मोटारीला सरसकट ‘वेग’ असतो. एखादी चौकस मुलगी याचा जाब विचारते. तिची शंका शंभर टक्के रास्त आहे, आणि दोन विषयांत एकच शब्द वेगळ्या काटेकोरपणाने वापरला जातो, हे तिला सरळ कबूल करून सांगावे.

गणिताबाहेर

प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये अडलेली जागा शोधणे गणितापेक्षा सोपे असते, कारण संगणक काहीतरी उत्तर देतच असतो. पायथन नुकतेच शिकू लागलेला विद्यार्थी दोन संख्या घेऊन बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहितो, १२ आणि १५ देतो आणि पडद्यावर १२१५ येते. “संगणक चुकीची बेरीज करतोय” असा त्याचा प्रश्न असतो. दुरुस्त केलेली ओळ पाठवणे सर्वांत सोपे आहे, परंतु तो ती चिकटवून पुढे जाईल आणि पुढच्या आठवड्यात वजाबाकीला तिथेच अडेल. त्याला सांगावे, की घेतलेल्या किमतीचा प्रकार कोणता आहे, ते छापून पाहा. कळफलकावरून आलेली गोष्ट पायथनला अक्षरांची माळ वाटते आणि दोन माळांची बेरीज म्हणजे एकीला दुसरी जोडणे, हे त्याला स्वतःच्या पडद्यावर दिसले की संख्येत रूपांतर कसे करायचे ते तो पुस्तकातून शोधून काढतो. प्रोग्रॅम मोठा असेल, तर “गडबड राहील एवढ्याच ओळी ठेव, बाकीच्या काढ” असे सांगावे; ओळी काढता काढताच पुष्कळांना चूक सापडते.

भाषेच्या विषयात मात्र माझी भूमिका अधिक कडक आहे. “‘पाऊस पडला नाही तर’ या विषयावर निबंध द्या” अशा मागणीला मी निबंध देत नाही, एक परिच्छेदही देत नाही, कारण गणितात शेजारचे उदाहरण देता येते तसा शेजारचा निबंध देता येत नाही. दिला, की तोच उतरतो. अशा वेळी मी चारपाच प्रश्न देतो : तुमच्या घरी पाणी किती वाजता येते, गेल्या उन्हाळ्यात ते किती दिवसांआड येत होते, आजी विहिरीबद्दल काय सांगते, पाऊस लांबला तेव्हा भाजीचे भाव काय झाले. याची उत्तरे लिहिली की निबंधाचे अंग तयार होते आणि ते त्याच्या घरचे असते. व्याकरणाचे वेगळे आहे. उपमा आणि उत्प्रेक्षा यांत गोंधळ होत असेल, तर व्याख्या पाठवण्याऐवजी “तिचे डोळे दिव्यांसारखे आहेत” आणि “तिचे डोळे जणू दिवेच” ही दोन वाक्ये समोर ठेवावीत आणि फरक त्यालाच सांगायला लावावा. पहिल्यात सारखेपणा दाखवला आहे, दुसऱ्यात ते दिवेच आहेत अशी कल्पना केली आहे. ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा, ही युक्ती क्लासमध्ये शिकवतात आणि ती बऱ्याचदा चालतेही, पण ती शेवटी सांगावी.

परीक्षा चालू असल्याची शंका आली, तर

काही फोटो वहीचे नसतात. छापील कागद असतो, उजव्या समासात गुण असतात, “प्रश्न ३ (ब)” असा क्रमांक असतो, आणि निरोपात “दहा मिनिटांत हवे” असे म्हटलेले असते. हा कागद आज, आत्ता चालू असलेल्या चाचणीचा असू शकतो. अशा वेळी उत्तर देऊ नये आणि आरोपही करू नये, कारण तो मागच्या वर्षीचा सरावाचा कागदही असू शकतो. “ही प्रश्नपत्रिका कोणत्या परीक्षेची आहे? परीक्षा झाली असेल, तर उद्या सविस्तर सांगतो” एवढे लिहावे. सरावासाठी विचारणाऱ्याची एका दिवसाने अडचण होत नाही. दुसरा पुन्हा येत नाही. शाळेच्या चाचणीपुरती ही नीतीची बाब आहे, पण मंडळ आणि विद्यापीठ यांच्या परीक्षांबाबत ती त्याहून गंभीर होते. अशा परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि उत्तर पुरवणाऱ्याने आपण लांब घरी बसलो आहोत म्हणून निर्धास्त राहू नये.

पैसे देऊ करणारेही येतात, विशेषतः प्रकल्प आणि जर्नल पूर्ण करून मागणारे महाविद्यालयीन विद्यार्थी. त्यांना एका ओळीत नकार द्यावा. त्यावर उपदेश करण्यात वेळ घालवू नये. व्हायवाला ते काम परीक्षक करतात.

यंत्राने लिहिलेले उत्तर

हल्ली प्रश्नाबरोबर उत्तरही येते. मुलाने ते चॅटबॉटकडून घेतलेले असते आणि “हे बरोबर आहे का?” एवढेच त्याला हवे असते. हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी, नावेच्या ३ बाबत जे केले तेच इथे करावे : उत्तर मूळ उदाहरणात ठेवून पडताळा घ्यायला सांगावे. उत्तर कोणी दिले याच्याशी पडताळ्याला कर्तव्य नसते. पडताळा बसला, तर मधल्या पायऱ्यांपैकी कोणतीही एक निवडून “ही का केली?” असे विचारावे, म्हणजे त्याने ते वाचले आहे की नुसते आणले आहे, हे कळते. उत्तर देणाऱ्याने मात्र स्वतः यंत्राचा मजकूर चिकटवू नये. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटी आल्यानंतर काही दिवसांतच, तशा उत्तरांवर बंदी घातली, कारण ती दिसायला नीटनेटकी असत आणि त्यांतील चुका शोधायला माहीतगारालाच बसावे लागे. विद्यार्थ्याला यंत्राचेच उत्तर हवे असते, तर ते त्याला आपल्या आधी मिळाले असते.

उत्तर दिल्यानंतर

उत्तर मिळताच प्रश्न काढून टाकणारे विद्यार्थी असतात; शिक्षकांना सापडू नये, ही भीती त्यामागे असते. याचा राग येतो, कारण अर्ध्या तासाचे लिखाण नाहीसे होते. मी यावर एवढाच उपाय केला आहे, की लांब उत्तर आधी स्वतःच्या वहीत लिहितो आणि मग टाकतो. नाव आणि घाट यांची जोडी माझ्याकडे अशीच साठली आहे आणि ती दरवर्षी वर्गसमीकरणांचे प्रकरण सुरू झाले की पुन्हा लागते.

आपलेच उत्तर चुकले असल्याचे नंतर लक्षात आले, तर जुना मजकूर गुपचूप बदलू नये. मुलाने तो तोपर्यंत वहीत उतरवलेला असतो. वर ठळकपणे “दुरुस्ती : तिसऱ्या ओळीत मी चिन्ह चुकवले होते” असे लिहावे आणि शक्य असेल, तर विद्यार्थ्याला स्वतंत्र निरोप पाठवावा. मागे एकदा मी संभाव्यतेच्या उदाहरणात नमुना अवकाशातील, म्हणजे शक्य असलेल्या सर्व निकालांच्या यादीतील, एक घटक गाळला होता. ते माझ्या नव्हे, नववीतल्या एका मुलीच्या लक्षात आले. तिने नाणी खरोखर उडवून, वहीत खुणा करून मला त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, “सर, तुमच्याप्रमाणे येत नाहीये, एकदा बघाल का?”